कुमारांचे मन आणि मानसोपचार

अंगात ताप भरला म्हणजे आई कपाळावर हात ठेवून पाहते, वडील डॉक्टरांकडे घेऊन जातात आणि शेजारीपाजारी येऊन प्रकृतीची चौकशी करतात. खेळताना हात मोडला तर प्लास्टर घातलेला हात मुले वर्गात मोठ्या अभिमानाने दाखवतात. परंतु मन दुखावले तर? त्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. दुखावलेला मुलगाही ते कोणाला सांगत नाही. कारण सांगितले तर लोक हसतील, 'याला आता धारवाडला पाठवा' म्हणून थट्टा करतील, ही भीती त्याला असते. महाराष्ट्रात याच अर्थाने येरवड्याचे किंवा ठाण्याचे नाव घेतात. ज्या गावी दुःखितांची शुश्रूषा होते, त्या गावाचे नाव आपण शिवीसारखे वापरावे, ही खेदाची गोष्ट आहे. म्हणून या लेखात, कुमार व तरुण यांच्या मनोव्यथेकडे मानसशास्त्रज्ञ कोणत्या दृष्टीने पाहतो आणि ती दूर करण्यासाठी नेमके काय करतो, याचा थोडा अभ्यास करण्याचे आम्ही योजिले आहे. विषय विद्यार्थ्यांचा आहे, तितकाच पालकांचाही आहे.

कुमारवय म्हणजे काय?

जागतिक आरोग्य संघटना दहा ते एकोणीस वर्षांच्या वयास कुमारवय मानते. या काळात शरीर झपाट्याने वाढते, आवाज बदलतो, आरशासमोरचा वेळ वाढतो आणि आईवडिलांच्या मतापेक्षा मित्रांचे मत मोलाचे वाटू लागते. मेंदूचीही वाढ चालूच असते. भावना उसळविणारे भाग लवकर जागे होतात; परंतु परिणामांचा विचार करून मनाला आवर घालणारा कपाळामागचा भाग पूर्ण परिपक्व होण्यास वयाची पंचविशी उजाडते. बैल उधळण्याच्या वयात आले आणि गाडीवानाचा हात मात्र अजून बसावयाचा आहे, अशी ही अवस्था होय. म्हणून या वयातील राग, लाज किंवा निराशा केवळ 'नाटक' समजून झटकून टाकणे योग्य नव्हे.

ही व्यथा विरळा आहे असेही नाही. 2015-16 साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने आपल्या देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींत शेकडा सुमारे 7.3 जणांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात तिघे-चौघे तरी असे असू शकतात. आमच्यासारख्या शिक्षकाने हजेरी घेताना हा आकडा ध्यानात ठेवावयास हवा.

एका शिक्षिकेपासून झालेला आरंभ

मानसशास्त्र प्रयोगशाळेतून बाहेर पडून प्रत्यक्ष माणसाच्या मदतीस आले, त्या घटनेचा संबंध शाळेशीच आहे. 1896 साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात लाइटनर विटमर नावाचे प्राध्यापक होते. त्यांच्याकडे मार्गारेट मॅग्वायर या शिक्षिका आपल्या एका चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याची अडचण घेऊन आल्या. मुलगा हुशार होता, परंतु काही केल्या त्याला शब्दांचे शुद्धलेखन जमत नसे. विटमर यांनी त्याला आळशी ठरविले नाही की मंदबुद्धी म्हटले नाही. त्यांनी त्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा त्याच्या दृष्टीतच दोष असल्याचे दिसून आले. चष्मा दिला, स्वतंत्र शिकवणी ठेवली आणि मुलगा सुधारू लागला. याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जगातील पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू झाले.

या प्रसंगातून निघणारा पहिला धडा असा की, मुलाच्या वागण्यावर नाव चिकटविण्यापूर्वी त्यामागचे कारण शोधावे. दुसरा धडा असा की, मूल मदतीपर्यंत पोहोचावयाचे तर आधी कोणाच्या तरी ते लक्षात आले पाहिजे.

लाजाळू तरुण आणि त्याची उपचारपद्धती

आता अशा एका मानसशास्त्रज्ञाची ओळख करून घेऊ, ज्यांनी पहिला उपचार स्वतःवरच केला. अल्बर्ट एलिस यांचा जन्म 1913 साली अमेरिकेत झाला. बालपणी मूत्रपिंडाच्या विकारामुळे त्यांना वारंवार रुग्णालयात राहावे लागे आणि आईवडील क्वचितच भेटीस येत. पुढे हा मुलगा अत्यंत भिडस्त झाला. चार लोकांसमोर बोलावयाचे म्हटले की त्याचा थरकाप होई. एकोणिसाव्या वर्षी त्याने मनाशी ठरविले की, ज्याची भीती वाटते तेच पुनःपुन्हा करावयाचे. तो सभांतून मुद्दाम भाषणे करू लागला. आरंभी फजिती झाली, परंतु हळूहळू भीती ओसरली आणि बोलण्यात गोडीही वाटू लागली.

अपरिचित स्त्रियांशी बोलण्याचीही त्याला अशीच धास्ती होती. तेव्हा न्यूयॉर्कमधील एका वनस्पतिउद्यानात तो महिनाभर जात राहिला आणि बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी सभ्यपणे बोलण्याचा प्रयत्न करू लागला. एकशेतीस जणींपैकी तीस जणी उठून गेल्या. शंभर जणींशी तो बोलला. त्यांपैकी केवळ एकीने पुन्हा भेटण्याचे कबूल केले आणि तीही ठरल्या वेळी आली नाही! व्यवहाराच्या दृष्टीने हे पूर्ण अपयश होते. परंतु एलिस यांनी त्यातून एक मोठी गोष्ट हेरली. नकार मिळाला तरी आभाळ कोसळले नाही, कोणी मारले नाही, कोणी पोलिसांना बोलावले नाही. भीती नकारात नसून 'नकार मिळताच कामा नये' या आपल्याच हट्टात होती.

पुढे 1947 साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि 1955 साली आपली नवी उपचारपद्धती मांडण्यास प्रारंभ केला. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. 2007 साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ही पद्धती मराठी मुलखात आणण्याचे श्रेय मुंबईचे मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांना आहे. एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून त्यांनी ती आत्मसात केली, अनेकांना शिकविली आणि मराठीतून समजावून सांगितली. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली ठाण्यास मानसिक आरोग्यासाठी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था उभी केली. त्यांच्या लेखनातून व व्याख्यानांतून हीच विचारसरणी हजारो विद्यार्थी व पालक यांच्यापर्यंत पोहोचली. ज्या ठाण्याचे नाव लोक थट्टेने घेत, तेथेच हे कार्य उभे राहिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

घटना, धारणा आणि परिणाम

या पद्धतीचे मर्म तीन शब्दांत सांगता येते. घटना घडते, तिच्याविषयी आपली एक धारणा असते, आणि तिचा परिणाम म्हणून भावना व वर्तन उत्पन्न होते. आपल्याला वाटते की घटनेमुळेच परिणाम झाला. वस्तुतः मधली धारणा आपण विसरतो.

उदाहरण घेऊ. सहामाही परीक्षेत गणितात दोन मुलांना पस्तीस गुण मिळाले. एकाच्या मनात येते, 'गुण कमी पडले, हे मला आवडले नाही. बीजगणित पुन्हा करावयास हवे.' त्याला वाईट वाटते, परंतु तो संध्याकाळी वही उघडून बसतो. दुसऱ्याच्या मनात येते, 'मला ऐंशी पडलेच पाहिजेत; नाही पडले म्हणजे मी कवडीमोलाचा; आता घरी तोंड कसे दाखवू?' तो जेवत नाही, झोपत नाही आणि पुढच्या परीक्षेस पोटदुखीचे निमित्त करतो. घटना एकच, भेद धारणेचा.

एलिस यांच्या मते अशा घातक धारणांच्या मुळाशी तीन 'पाहिजेत' असतात. 'मी यशस्वी झालेच पाहिजे', 'इतरांनी माझ्याशी चांगले वागलेच पाहिजे' आणि 'जग माझ्या सोयीचे असलेच पाहिजे.' इच्छा बाळगणे उत्तम; परंतु इच्छेचे हुकूमात रूपांतर झाले की दुःखाला पारावार राहत नाही. तेव्हा मानसशास्त्रज्ञ मुलाला तीन प्रश्न स्वतःस विचारावयास शिकवतो. या समजुतीस पुरावा काय? ही तर्कास धरून आहे काय? आणि ती बाळगून माझे काही भले होते काय? पस्तीस गुण हे एका पेपराचे मोजमाप आहे, माणसाचे नव्हे. गुणांवरून अभ्यासाची परीक्षा करावी, स्वतःच्या किमतीची करू नये.

मात्र ही केवळ गोड बोलण्याची कला नव्हे. मुलाला घरी करण्यासाठी गृहपाठ असतो. वाचावयास भिणाऱ्याने प्रथम घरी भावंडासमोर वाचावे, मग दोन मित्रांसमोर, मग वर्गासमोर. लोकलज्जेने गांजलेल्यांना एलिस कधी कधी एक गमतीचा गृहपाठ देत : केळ्याला दोरी बांधून ते कुत्र्यासारखे रस्त्यातून फिरवून आणावयाचे! लोक हसले तरी आपले काही बिघडत नाही, हे व्याख्यानाने पटत नाही; अनुभवाने पटते.

मानसशास्त्रज्ञाच्या खोलीत काय घडते?

पुष्कळांचा समज असा की, तेथे गेल्याबरोबर विजेचे झटके देतात किंवा झोपेच्या गोळ्या देतात. हा गैरसमज होय. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो. गरज पडल्यास तो औषध देतो. मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. संभाषण, निरीक्षण, चाचण्या व सराव ही त्याची साधने. अनेकदा दोघे मिळून काम करतात.

कुमारवयीन मूल बहुधा स्वतः येत नाही. त्याला कोणी तरी आणलेले असते. म्हणून प्रथम पालक व मूल यांच्याशी एकत्र बोलणे होते आणि त्यानंतर मुलाशी एकट्याने. येथे मानसशास्त्रज्ञ एक गोष्ट स्पष्ट करतो. तो पालकांचा हेर नाही. मूल जे सांगेल ते गुप्त राहील. मात्र त्याच्या किंवा इतरांच्या जिवास धोका आहे असे दिसले, तर मोठ्यांना सांगावेच लागेल. हा अपवाद आधीच सांगितल्याने विश्वास कमी होत नाही, वाढतोच. त्यानंतर तो उपदेशाची घाई करीत नाही. आधी ऐकतो. मुलाला स्वतःची अडचण कोणती वाटते, हे विचारतो. कारण पालकांना 'अभ्यास करीत नाही' ही अडचण वाटत असते, तर मुलाला 'घरात रोज भांडणे होतात' ही. मग दोघे मिळून एक लहानसे उद्दिष्ट ठरवितात. कित्येकदा पालकांनाही गृहपाठ मिळतो : शेजारच्या मुलाशी तुलना थांबवा, रोज दहा मिनिटे अभ्यासाखेरीज दुसऱ्या विषयावर बोला.

अठरा ते पंचविशीतील तरुणांची गोष्ट थोडी निराळी. तो स्वतःच्या पायांनी येतो आणि निर्णय त्याचा त्यालाच घ्यावयाचा असतो. आमच्या भागातील मुले बेळगावच्या महाविद्यालयात जातात, कोणी औद्योगिक वसाहतीत कामास लागतात, कोणी पुण्या-बंगळूरची वाट धरतात. कोणते शिक्षण, कोणती नोकरी, कोणाशी विवाह, घराला पैसे किती पाठवावे, हे प्रश्न एकाच वेळी अंगावर येतात. येथे मानसशास्त्रज्ञ उत्तर देत नाही. उत्तर शोधण्यास बळ देतो. विहिरीतून पाणी काढून देण्यापेक्षा पोहरा सोडावयास शिकविणे त्याला अधिक महत्त्वाचे वाटते.

आणखी एक गोष्ट आमच्या सीमाभागास विशेष लागू आहे. येथे एकाच वर्गात घरी मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. निबंध कोणत्याही भाषेत लिहिता येतो. परंतु दुःख सांगताना जीभ आईच्या भाषेकडे वळते. चांगला मानसशास्त्रज्ञ मुलाला भाषेची मोकळीक देतो.

आमच्या हातून झालेली चूक

येथपर्यंत जे लिहिले ते ग्रंथांतून व जाणत्यांकडून मिळविलेले ज्ञान झाले. परंतु या विषयाकडे आम्ही का वळलो, ते सांगितल्याशिवाय लेख प्रामाणिक ठरणार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. शांत, नीटनेटकी, कधी त्रास न देणारी. 'माझे घर' या विषयावरील निबंधात तिने शेवटी असे काही लिहिले होते की, आपण नसलो तरी घरात कोणाचे काही अडणार नाही. उलट खर्च वाचेल. आम्ही तो निबंध वाचला. त्या ओळींतील ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुकांभोवती तांबड्या शाईने वर्तुळे काढली, दहापैकी सहा गुण दिले आणि वही परत केली.

त्यानंतर तिचे डबा न खाणे, मैत्रिणींपासून दूर बसणे, आवडती चित्रकलेची पेटी दुसरीला देऊन टाकणे, हे सारे आमच्या डोळ्यांसमोर घडत होते. ते आमच्या ध्यानात आले नाही. तिच्या आईच्या आले. त्या माउलीने लोक काय म्हणतील याचा विचार न करता तिला बेळगावास एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे नेले. बाईंनी पहिल्याच भेटीत, 'जगू नये असे वाटते का?' असे सरळ व शांतपणे विचारले. असे विचारल्याने ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरते, हा समज खोटा आहे. उलट ओझे उतरते. मुलगी पुष्कळ रडली आणि बोलू लागली. तिच्या संमतीने आईला सांगण्यात आले, काही दिवस तिला एकटी न ठेवण्याचे ठरले आणि मनोविकारतज्ज्ञांचाही सल्ला घेण्यात आला. जिवाची काळजी आधी आणि विचारांची दुरुस्ती नंतर, असा तो क्रम होता. पुढे काही महिन्यांत, 'मी घरावर भार आहे' या धारणेचा पुरावा ती स्वतःच तपासू लागली.

ती बरी होऊन वर्गात परत आली, तेव्हा आम्ही तिची क्षमा मागितली. आमची व तिची घरची बोली एकच. ती कोंकणीतच म्हणाली, "सर, तुमी फकत चुको पळयल्यो." तुम्ही फक्त चुका पाहिल्यात. तिच्या स्वरात राग नव्हता, म्हणून ते वाक्य अधिक लागले. आज ती महाविद्यालयात शिकत आहे. ओळख न देता हा प्रसंग लिहावा, असे तिनेच आम्हांस सांगितले.

फिलाडेल्फियाच्या त्या शिक्षिकेलाही शुद्धलेखनाच्या चुकाच दिसल्या होत्या. परंतु त्या चुकांमागचा मुलगाही दिसला. आमच्यात व त्यांच्यात एवढेच अंतर होते आणि ते फार मोठे होते.

मदत कोठे मिळेल?

विद्यार्थिमित्रहो, दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, झोप उडाली, आवडत्या गोष्टी नकोशा झाल्या किंवा जगणे नको वाटू लागले, तर ते एकट्याने सोसू नका. आई, वडील, आजी, काका, शिक्षक, ज्यांच्यावर विश्वास असेल अशा एका मोठ्या माणसास त्याच दिवशी सांगा. त्याने ऐकले नाही तर दुसऱ्यास सांगा. केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. 14416 या क्रमांकावर ती दिवसरात्र विनामूल्य आणि अनेक भारतीय भाषांत मिळते. आपल्याहून फार दूर नसलेल्या धारवाडास 1845 साली मनोरुग्णालय सुरू झाले. तेच आज 'डिमहान्स' ही मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञानाची संस्था म्हणून उपचार व अध्यापन करीत आहे. यापुढे कोणी 'धारवाडला पाठवा' म्हटले, तर तेथे डॉक्टर घडतात व रोगी बरे होतात, असे त्यास सांगावे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येकास अशा उपचारांचा हक्क दिला आहे. जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्यास गुन्हेगार न समजता, तो तीव्र तणावाखाली होता असे मानून त्याची काळजी घ्यावी, असेही त्या कायद्याचे सांगणे आहे.

मदत मागणे हा दुबळेपणा आहे, असे कोणी म्हणेल. आमचे काकती गाव राणी चन्नम्मांचे जन्मस्थान. 1824 साली कित्तूरसाठी त्या इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिल्या, तेव्हा संगोळ्ळी रायण्णांसारखे साथीदार त्यांच्या बाजूस होते. साथीदार घेतले म्हणून राणीचे शौर्य कमी झाले, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. मग मनाच्या लढाईत तरी आपण एकटेच का लढावे?

आणि पालकहो, शिक्षकबंधूंनो, वही तपासताना शुद्धलेखन अवश्य पाहावे. तो आपला धर्मच आहे. परंतु तांबडी शाई उचलण्यापूर्वी मजकूर एकदा केवळ वाचण्यासाठी वाचावा. आम्ही आता तसे करतो.